मेंदूचा प्रतिसाद : चाचणी हाताशी, वापर अर्धवट

‘ब्रेन मॅपिंग’ हा शब्द मराठी वृत्तपत्रवाचकाला नवा नाही. गाजलेल्या गुन्ह्यांच्या तपासात हा शब्द वारंवार मथळ्यांत आला. जून २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना इतर पुराव्यांबरोबर आरोपीच्या मेंदूतील विद्युत् लहरींच्या चाचणीचाही विचार केला, तेव्हा त्या निकालाची चर्चा परदेशांतील वृत्तपत्रांतही झाली. मनातले गुपित ओळखणारे यंत्र हाती आले, असा समज त्या काळात रूढ झाला. ‘बेरा’ हा शब्द मात्र श्रवणदोष असलेल्या मुलांचे पालक आणि डॉक्टर सोडले तर फारसा कोणाच्या कानावर पडलेला नसतो.

वास्तविक ही दोन्ही तंत्रे एकाच कुळातील आहेत. डोळा, कान किंवा त्वचा यांना ठरावीक उद्दीपन द्यायचे आणि मेंदू त्याला कोणता विद्युत् प्रतिसाद देतो हे डोक्यावरील इलेक्ट्रोडच्या साह्याने मोजायचे, हा या कुळाचा मूळ व्यवसाय. वैद्यकात या प्रतिसादांना ‘इव्होक्ड पोटेन्शियल’ म्हणतात. नवजात बालकाला ऐकू येते का, शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जू सुरक्षित आहे का, बेशुद्ध रुग्णाच्या मेंदूपर्यंत संवेदना पोहोचते का, या प्रश्नांची उत्तरे ही चाचणी देऊ शकते. हा उपयोग अनेक दशकांच्या अनुभवावर उभा आहे. तरीही ज्या उपयोगाचा शास्त्रीय पाया कच्चा होता त्याचे आपण कौतुक केले आणि ज्याचा पाया पक्का आहे तो गरजूंपर्यंत वेळेवर पोहोचवण्यात मागे राहिलो. या विसंगतीचा विचार व्हायला हवा.

गोंगाटातून निवडलेला प्रतिसाद

मेंदू विजेवर चालतो हे ज्ञान जुने आहे. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युत् प्रवाह मोजल्याचे जाहीर केले. डोळ्यावर प्रकाश पडताच या प्रवाहात फरक पडतो, हेही त्यांना आढळले. माणसाच्या बाबतीत मात्र कवटी न उघडता हे मोजायचे होते आणि अडचण तिथेच होती. डोक्याच्या त्वचेवर मिळणाऱ्या ईईजीच्या लहरी साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टच्या असतात. त्या तुलनेत कानात वाजवलेल्या एका ‘टिक्’ आवाजाला मेंदूस्तंभाकडून मिळणारा प्रतिसाद एक मायक्रोव्होल्टहूनही कमी असतो.

संध्याकाळच्या गर्दीत दादर स्थानकावर कोणी हळूच घंटी वाजवली तर ती ऐकू येणार नाही. पण समजा, ती घंटी हजार वेळा वाजवली आणि प्रत्येक वेळी वाजवण्याच्या क्षणापासूनचे ध्वनिमुद्रण एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढली, तर काय होईल? गर्दीचा आवाज कधी चढा तर कधी उतरता असल्याने तो एकमेकांना छेद देऊन विरत जाईल. घंटी दर वेळी त्याच क्षणी वाजत असल्याने ती स्पष्ट होत जाईल. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात काम करणारे जॉर्ज डॉसन यांनी १९५० च्या सुमारास हीच युक्ती मेंदूच्या लहरींना लावली आणि त्यासाठी सरासरी काढणारे यंत्र बनवले. हजार पुनरावृत्ती केल्या की गोंगाट सुमारे ३२ पटींनी घटतो, असे यामागील गणित सांगते. पुढे संगणक आले आणि हे काम रुग्णालयातील एका टेबलावर होऊ लागले.

या चाचणीत दोन गोष्टी पाहिल्या जातात. प्रतिसाद किती मोठा आहे आणि तो किती वेळाने आला. बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे-काळे चौकोन पडद्यावर उलटसुलट होताना पाहिले की साधारण १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागील भागात लहर उमटते. मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका दिला की सुमारे २० मिलिसेकंदांनी मेंदूच्या संवेदना-क्षेत्रात लहर दिसते. कानाचे गणित याहून सूक्ष्म आहे. पहिल्या दहा मिलिसेकंदांत एकामागून एक लहरी येतात. त्यातील पहिली श्रवणतंतूची, तर साडेपाच ते सहा मिलिसेकंदांच्या आसपास येणारी पाचवी लहर मेंदूस्तंभाच्या वरच्या भागातील. कोणती लहर उशिरा आली किंवा आलीच नाही, यावरून निरोप वाटेत कुठे अडला याचा अंदाज बांधता येतो.

पहिल्या सहा महिन्यांचा प्रश्न

याच कानाच्या चाचणीला आपल्याकडे ‘बेरा’ म्हणतात. तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की तिला रुग्णाच्या उत्तराची गरज नसते. दोन दिवसांचे मूल ‘ऐकू आले’ असे सांगू शकत नाही, पण झोपेतही त्याचा मेंदूस्तंभ सांगतो.

दर हजार नवजात बालकांत साधारण १ ते ३ बालकांना कायमस्वरूपी श्रवणदोष असतो, असा जगभरचा अनुभव आहे. अतिदक्षता विभागात राहावे लागलेल्या बालकांत हे प्रमाण कितीतरी अधिक आढळते. भारतात दरवर्षी सुमारे एक लाख बालके श्रवणदोष घेऊन जन्मतात, असा अंदाज केंद्र सरकारने २०१७ मध्ये मांडला होता. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. बाळ रडते, हसते, दार आपटले की कंपनामुळे दचकतेही. त्यामुळे दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा कुठे शंका येते. त्यातही ‘याचे वडीलही उशिरा बोलायला लागले होते’ या दिलाशात आणखी काही महिने जातात.

हे महिने परत मिळत नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात दिशादर्शक मानला जातो. ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि ज्यांना त्यानंतर लगेच मदत मिळाली, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली विकसित झाली, असे त्यात आढळले. एका महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत पक्के निदान आणि सहा महिन्यांत उपचारांना सुरुवात हा ‘१-३-६’चा नियम आज जगभर स्वीकारला गेला आहे.

आपल्याकडे धोरणांची वाण नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून झाली. या कार्यक्रमात तपासायच्या दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. श्रवणदोषाच्या क्षेत्रातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून मुंबईत वांद्रे येथे कार्यरत आहे. जुलै २०१७ मध्ये ‘सोहम’ हे बेराच्याच तत्त्वावर चालणारे, नवजात बालकांच्या तपासणीचे स्वस्त भारतीय यंत्रही केंद्र सरकारच्या पुढाकाराने जाहीर झाले.

प्रश्न साखळीचा आहे. बहुतेक ठिकाणी नवजात बालकाची पहिली तपासणी ‘ओएई’ या सोप्या चाचणीने होते. ही चाचणी अंतर्कर्णातील केसपेशींचे काम पाहते, त्यापुढच्या तंतूचे नाही. तीव्र काविळीमुळे किंवा जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यामुळे कधी कधी अंतर्कर्ण शाबूत राहतो, पण श्रवणतंतू किंवा मेंदूस्तंभ दुखावतो. असे बाळ ओएईमध्ये ‘उत्तीर्ण’ होऊ शकते. म्हणूनच अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या बालकाची तपासणी बेरानेच व्हावी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. दुसरा दुवा फेरतपासणीचा. पहिल्या चाचणीत शंका आली म्हणून बोलावलेले बाळ परत येतेच असे नाही. आई बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते, नंतर गाव बदलते. फेरतपासणीचे केंद्र दूर असते. वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते. चाचणीसाठी बाळ शांत झोपलेले असावे लागते. ते झोपले नाही तर पुन्हा नवी तारीख.

या विलंबाची किंमत सरकारी नियमांतही दडलेली आहे. केंद्राच्या ‘अडिप’ योजनेच्या २०१४ मधील सुधारित स्वरूपात वर्षाला ५०० मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूद झाली. जन्मजात बहिरेपणासाठी त्यात पाच वर्षे वयाची मर्यादा होती. ही मर्यादा जुलमी नाही. भाषा शिकण्याची मेंदूची क्षमता वयानुसार घटत जाते, हेच तिच्यामागचे कारण. पण चौथ्या वर्षी निदान झालेल्या मुलाच्या पालकांना श्रवणयंत्राचा प्रयोग, कागदपत्रे, प्रतीक्षायादी हे सारे एका वर्षात उरकावे लागते. लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेचा लाभ अशा रीतीने त्या मानाने अल्प खर्चाच्या चाचणीच्या तारखेवर अवलंबून राहतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

दुसरा उपयोग पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत. कण्याचा बाक सरळ करताना किंवा मज्जारज्जूजवळची गाठ काढताना रज्जूवर ताण आला तर रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. पूर्वी यावर एकच उपाय होता. शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवून भूल हलकी करायची आणि रुग्णाला पाय हलवायला सांगायचे. १९७० च्या दशकापासून घोट्याजवळच्या मज्जातंतूला झटके देऊन मेंदूतील प्रतिसाद शस्त्रक्रियेदरम्यान सतत पाहण्याची पद्धत विकसित झाली. प्रतिसादाची उंची निम्म्याने घटली किंवा वेळ दहा टक्क्यांनी वाढली तर शल्यविशारदाला सावध केले जाते.

या पद्धतीचा मोठा आढावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अंतर्भाव होता. प्रतिसाद स्थिर असूनही रुग्णाला निश्चित इजा झाल्याचे प्रमाण केवळ ०.०६३ टक्के होते. मात्र त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. अनुभवी पथकांच्या रुग्णांत मज्जासंस्थेच्या इजांचे प्रमाण नवख्या पथकांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे यंत्राइतकाच त्याच्यामागे बसलेला माणूस महत्त्वाचा. भूल देण्याच्या काही वायूंनी मेंदूचा प्रतिसाद दबतो, रक्तदाब उतरला तरी तो बदलतो. हा फरक भुलीमुळे की रज्जूवरच्या ताणामुळे, हे काही मिनिटांत ओळखावे लागते. शिवाय संवेदनेचे मार्ग रज्जूच्या मागच्या भागातून जातात, हालचालींचे मार्ग वेगळ्या भागातून. त्यामुळे आता अनेक शस्त्रक्रियांत स्नायूंचा प्रतिसादही जोडीने मोजला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘हे निरीक्षण होणार आहे का आणि ते कोण करणार आहे’ असे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

आशा आणि तिची सीमा

तिसरे क्षेत्र सर्वांत नाजूक. हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडून असतो. नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, ‘हे शुद्धीवर येतील का?’ दोन्ही मनगटांच्या तंतूंना झटके देऊनही मेंदूच्या दोन्ही बाजूंना २० मिलिसेकंदांची ती लहर उमटत नसेल, तर शुद्धीवर येण्याची शक्यता अत्यंत कमी असते. गुंगीच्या औषधांचा या लहरीवर तुलनेने थोडा परिणाम होतो, ही तिची जमेची बाजू. तरीही युरोपातील तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना या एका चाचणीवर विसंबून निर्णय घेऊ नका, असेच सांगतात. किमान ७२ तास थांबावे आणि बुबुळांची प्रतिक्रिया, ईईजी, रक्तातील घटक, मेंदूची छायाचित्रे यांपैकी किमान आणखी एका प्रतिकूल लक्षणाची जोड असावी, असा त्यांचा आग्रह आहे. उलट बाजूही तितकीच खरी. लहर उमटली म्हणजे रुग्ण शुद्धीवर येईलच, असे नाही. वाट शाबूत आहे, एवढेच ती सांगते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवनरक्षक उपचार थांबवण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. अशा निर्णयांत डॉक्टरांच्या मंडळाला रुग्णाच्या भवितव्याबद्दल मत द्यावे लागते. हे मत केवळ अनुभवावर न देता मोजमापावर आधारता यावे, यासाठी मोठ्या शहरांबाहेरील अतिदक्षता विभागांतही ही चाचणी आणि ती वाचू शकणारा तज्ज्ञ उपलब्ध असणे गरजेचे आहे. अन्यथा कायद्याने दिलेला हक्क पत्त्यावर ठरेल.

संशोधनातील धडा

डोळ्यांच्या चाचणीचा इतिहास या सर्वांहून बोलका आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मज्जातंतूंवरील आवरण झिजते. डोळ्याच्या तंतूला सूज येऊन गेलेल्या रुग्णांत, दृष्टी पूर्ववत् झाल्यावरही १०० मिलिसेकंदांची लहर उशिराच येते, हे हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले. रुग्ण विसरलेला आजार चाचणीने लक्षात ठेवला होता. पुढे एमआरआय आले आणि ही चाचणी मागे पडली. मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विकाराच्या सुधारित निदान-निकषांत डोळ्याच्या मज्जातंतूला विकाराच्या पाचव्या स्थानाचा दर्जा मिळाला आणि त्याचा पुरावा म्हणून ही चाचणी पुन्हा दाखल झाली.

याच लहरीचा उपयोग नव्या औषधांच्या कसोटीसाठीही होतो. क्लेमास्टिन हे ॲलर्जीवरचे जुने औषध झिजलेले आवरण पुन्हा तयार करते का, याचा ५० रुग्णांवरील प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. लहरीचा विलंब प्रत्येक डोळ्यामागे १.७ मिलिसेकंदांनी घटला होता. इतका सूक्ष्म बदल मोजता येणे हे या तंत्राचे यश. परंतु २०२४ मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या एका प्रयोगात, या विकाराच्या सतत बळावणाऱ्या प्रकारातील काही रुग्णांचे अपंगत्व या औषधाने वेगाने वाढल्याचे दिसले आणि औषधाचा तो गट थांबवावा लागला. लहर लवकर येणे आणि माणूस बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून पुन्हा अधोरेखित झाले.

मर्यादा ओळखण्याचा प्रश्न

गुन्हे तपासातील चाचणीचा घोळ इथेच झाला. संवेदनांचे प्रतिसाद पहिल्या शंभरेक मिलिसेकंदांत उमटतात आणि ते शरीररचनेशी बांधलेले असतात. त्यानंतर, ३०० मिलिसेकंदांच्या आसपास येणाऱ्या लहरी लक्ष, अपेक्षा, ओळख अशा मानसिक व्यापारांशी निगडित असतात. १९६५ पासून त्यांचा अभ्यास होत आहे आणि संशोधनात त्यांना मोठे मोल आहे. पण एखादे वाक्य ओळखीचे वाटले ते प्रत्यक्ष कृतीमुळे, की पोलिसांच्या चौकशीत दहा वेळा ऐकल्यामुळे, हे लहर सांगू शकत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सच्या तत्कालीन संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००८ मध्येच या चाचणीच्या शास्त्रीयतेविषयी प्रतिकूल अभिप्राय दिला होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात अशी चाचणी संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले.

थोडक्यात, ही चाचणी एका अरुंद प्रश्नाचे नेमके उत्तर देते. निरोप निघाला का, कुठपर्यंत पोहोचला आणि किती वेळात? त्यापलीकडचे तिला विचारू नये. एवढे विचारायचे तरी ते नीट विचारावे लागते. चौकोनांचा आकार, पडद्याचा उजेड, रुग्णाचा चष्मा, हातापायांचे तापमान, उंची, बाळाचे पूर्ण दिवस भरले होते की नाही, या सर्वांचा निकालावर परिणाम होतो. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेकडे निरोगी व्यक्तींवरून काढलेली स्वतःची प्रमाणे असावी लागतात. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतील आकडे पुरत नाहीत.

धोरणकर्त्यांनी यंत्रखरेदीच्या निविदांपलीकडे पाहण्याची गरज आहे ती यासाठीच. प्रत्येक प्रसूतिगृहातून बाळ घरी जाण्यापूर्वी श्रवणचाचणीची नोंद त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर झाली पाहिजे. लस चुकली की आशाताई घरी येतात, तसा फेरतपासणी चुकलेल्या बाळाचाही पाठपुरावा त्या कार्डावरून होऊ शकेल. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बेरा यंत्राइतकीच ते चालवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाची भरलेली जागा महत्त्वाची. मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांत वाढले पाहिजे. यातील एकही गोष्ट अवघड विज्ञानाची नाही. विज्ञानाने आपले काम केव्हाच पूर्ण केले आहे.

आरोपीच्या मनात काय आहे हे जाणून घेण्याची जेवढी उत्सुकता आपण दाखवली, तेवढीच आता नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानापर्यंत आवाज पोहोचतो का, हे जाणून घेण्यात दाखवायला हवी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या यंत्रापाशी नव्हते. दुसऱ्याचे आहे, मात्र ते सहा महिन्यांच्या आत विचारले गेले पाहिजे.